वाङ्मयीन संज्ञा आणि आकलनाचा प्रश्न : कुरखेड्याच्या निमित्ताने

मराठीच्या वर्गात वाङ्मयीन संज्ञा शिकविल्या जातात त्या बहुधा व्याख्येपासून. आधी व्याख्या, मग लक्षणे, मग परंपरेने चालत आलेले एखादे उदाहरण आणि शेवटी पाठ्य कवितेतून तसलेच दुसरे उदाहरण शोधून काढण्याचा सराव, हा क्रम शालान्त वर्गापासून पदव्युत्तर वर्गापर्यंत फारसा बदलत नाही. ‘सारखा’, ‘जसा’, ‘प्रमाणे’, ‘परी’ यांपैकी एखादा शब्द ओळीत दिसला की उपमा सापडली, असे विद्यार्थ्याला वाटू लागते; मग ‘ठरल्याप्रमाणे तो घरी आला’ या वाक्यातही त्याला उपमेची चाहूल लागते. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. संज्ञा ही केवळ ओळखण्याची खूण झाली की वाचन तेथेच थांबते, याचा तो पुरावा आहे. उपमा आहे हे सांगून झाल्यावर ती तेथे का आली, तिने कोणत्या दोन गोष्टी जवळ आणल्या, त्यांतील कोणते साम्य उजळले आणि कोणते वैषम्य झाकले, हे विचारायचे राहून जाते. कारण गुण ‘उपमा’ या शब्दाला देऊन झालेले असतात.

वस्तुतः प्रत्येक वाङ्मयीन संज्ञा हे संहितेला विचारावयाच्या एखाद्या प्रश्नाचे संक्षिप्त रूप असते. ‘निवेदक’ म्हणजे ‘हे कोण सांगत आहे?’ हा प्रश्न. ‘कथानक’ म्हणजे ‘या घटना याच क्रमाने, याच कार्यकारणाने का आल्या?’ हा प्रश्न. ‘लक्षणा’ म्हणजे ‘शब्दाचा सरळ अर्थ येथे कशाने अडला?’ हा प्रश्न. मूळ प्रश्न विसरला गेला आणि नाव तेवढे उरले, की संज्ञा पाठ होते आणि पाठ्यपुस्तकातील कविता, वर्षभर वर्गात असूनही, खऱ्या अर्थाने अपठित राहते.

मराठीत या स्थितीला एक इतिहास आहे. परशुरामपंत तात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ साली प्रसिद्ध झाले आणि कीर्तनातून, पुराणातून, जात्यावरून कानी पडणारी कविता विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे छापील वेच्यांच्या रूपाने आली. ऐकणाऱ्याला वृत्ताचे नाव ठाऊक नसले तरी अडत नव्हते. वाचणाऱ्याला ते सांगावे लागले. गोडबोल्यांनीच ‘वृत्तदर्पण’ही लिहिले, यात योगायोग कमी आणि गरज अधिक होती. पुढे रा. श्री. जोग यांच्या ‘अभिनव काव्यप्रकाशा’त (१९३०) संस्कृत साहित्यशास्त्रातील संकल्पना आधुनिक कवितेच्या संदर्भात नव्याने तपासल्या गेल्या, माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचने’ने (सुधारित आवृत्ती १९३७) मराठी पद्याच्या घडणीचा एवढा तपशील मांडला की त्याला बगल देऊन पुढे जाणे कोणालाही कठीण झाले. हे ग्रंथ वाद घालतात, पर्याय तपासतात, पूर्वसूरींशी भांडतात. त्यांतील वाद गाळून केवळ निष्कर्ष उचलण्याचे काम परीक्षोपयोगी मार्गदर्शिकांनी केले. भाषा संचालनालयाचा साहित्य समीक्षा परिभाषा कोश किंवा २००१ साली प्रसिद्ध झालेला ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’ यांना याचा दोष देता येणार नाही. कोशातील नोंद हे चर्चेचे सार असते, आणि सार देणे हेच कोशाचे काम. मार्गदर्शिका मात्र त्या साराचेही चार मुद्दे करते, आणि विद्यार्थ्याच्या हाती पडतात ते चार मुद्दे.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वर्गातही आहेच. पण तेथे तो झाकला जातो. घरात जी भाषा बोलली जाते तिच्याजवळचीच भाषा पाठ्यपुस्तकात असते, त्यामुळे संज्ञा नुसती पाठ केली तरी आकलनाचा आभास निर्माण होतो. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेला, छत्तीसगडच्या सीमेकडे असलेल्या कुरखेडा तालुक्यात हा आभास टिकत नाही. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३९ टक्के आहे. कुरखेड्याच्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी कोणाच्या घरी गोंडी असते, कोणाच्या घरी छत्तीसगढी, आणि बहुतेकांच्या गावात झाडीबोली. प्रमाण मराठी ही त्यांच्यापैकी अनेकांची दुसरी किंवा तिसरी भाषा होय. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन होईपर्यंत येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होत्या. विद्यापीठ जवळ आले, तरी उत्तरपत्रिकेत अपेक्षित असलेली भाषा जवळ आली असे म्हणता येत नाही. ‘आकलन कच्चे’ हा शेरा या विद्यार्थ्यांच्या वाट्याला सर्रास येतो. तो शेरा कशाचे मापन करतो, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

अनुप्रासासारखी अगदी प्राथमिक संज्ञा घ्यावी. एकाच वर्णाची पुनरावृत्ती होऊन नादमाधुर्य निर्माण होते तेव्हा अनुप्रास होतो, अशी व्याख्या सर्वांना मुखोद्गत असते. पण वर्ण म्हणजे कागदावरचे अक्षर की कानावर पडणारा ध्वनी? झाडीबोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो, ‘ण’च्या जागी ‘न’. ‘श’ आणि ‘ष’ हे ‘स’मध्ये मिसळून जातात. ‘ळ’काराच्या आवर्तनावर उभी असलेली एखादी ओळ ही बोली बोलणारा विद्यार्थी मनात वाचतो, तेव्हा त्याच्या कानाला तेथे ‘र’ ऐकू येतो. आणि ओळीत आधीपासून चार ‘र’ असले तर कवीने न योजलेला एक दाट अनुप्रास त्याला गवसतो. उलट ‘ण’ आणि ‘न’ यांच्या आलटापालटीतून साधलेला सूक्ष्म भेद त्याच्यापुरता नाहीसा होतो. परीक्षेतील अपेक्षित उत्तर लिपीवर ठरलेले असते. विद्यार्थी ध्वनी ऐकून उत्तर देतो, म्हणजे अनुप्रासाच्या व्याख्येशी तो अधिक प्रामाणिक असतो, आणि नेमका तोच चुकतो! अनुप्रास ही संज्ञा ‘येथे कान कशावर पुन्हा पुन्हा थबकतो?’ असा प्रश्न म्हणून शिकविली असती, तर कानाकानातील हा फरक वर्गात चर्चेला आला असता, आणि प्रमाण उच्चारात ती ओळ कशी ऐकू येते हेही त्याच चर्चेत शिकविता आले असते.

लक्षणेच्या संदर्भात हा प्रश्न अधिक खोल जातो. संस्कृत साहित्यशास्त्राने वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन अटी सांगितल्या: शब्दांना एकमेकांची अपेक्षा असावी, त्यांच्या अर्थांचा परस्परांशी मेळ बसावा, आणि ते पुरेसे जवळ उच्चारले जावेत. आज ज्याला वाचन-आकलन म्हणतात त्याची ही सर्वांत काटेकोर प्राचीन मांडणी आहे. परंतु पाठ्यक्रमात ती ‘भारतीय साहित्यशास्त्र’ या प्रश्नपत्रिकेत बंदिस्त होते आणि उतारा वाचण्याशी तिचा संबंध कोणी जोडीत नाही. योग्यता भंगली की मुख्यार्थाला बाध येतो. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेसाठी हाच बाध पहिली अट म्हणून सांगितला, त्यानंतर मुख्यार्थाशी असलेला संबंध, आणि मग रूढी किंवा प्रयोजन. ही तीन पायऱ्यांची वाचनपद्धतीच आहे. कोठे अडले? अडलेल्या अर्थाशी नव्या अर्थाचे नाते काय? आणि हा वळसा कशासाठी घेतला?

उदाहरणासाठी रचलेले एक साधे वाक्य घेऊ: ‘पहाटे मोहाचा वास गावातून चालत गेला.’ वास चालत नाही, योग्यता भंगली. मार्गदर्शिकेच्या पद्धतीने उत्तर तयार असते: निर्जीवावर सजीवाच्या क्रियेचा आरोप, म्हणून चेतनगुणोक्ती. पूर्ण गुण. परंतु चैत्राच्या सुमारास कुरखेड्याच्या परिसरातील कोणत्याही गावी पहाटे काय घडते हे ज्या मुलीला ठाऊक आहे, ती वेगळे वाचण्याची शक्यता मोठी आहे. अंधार असतानाच माणसे झाडाखाली पडलेली मोहफुले वेचायला निघतात, उजाडल्यावर भरल्या टोपल्या घेऊन परततात, आणि त्या टोपल्यांतून वास गावातून जातो. चालतात त्या बाया. वाक्याने त्यांना गाळून टोपलीतल्या फुलांच्या वासालाच कर्ता केले. हे वाचन स्वीकारले तर येथे आरोप साम्याचा राहत नाही. आधार आणि आधेय, वाहणारी आणि वाहिले जाणारे, अशा साम्येतर संबंधावर ही लक्षणा उभी राहते. परंपरेच्या परिभाषेत गौणी सोडून शुद्धा लक्षणेकडे जावे लागते. प्रयोजनही बदलते. पहिल्या वाचनात वातावरण सजीव झाले, एवढेच निष्पन्न होते. दुसऱ्या वाचनात श्रम करणारी माणसे वाक्यातून अदृश्य झाली आहेत, आणि ती का अदृश्य झाली हा प्रश्न उभा राहतो. यांपैकी कोणते वाचन ग्राह्य, हे एकट्या वाक्यावरून ठरणार नाही. पुढचे-मागचे वाक्य पाहावे लागेल. पण दुसरे वाचन अधिक बारकाईचे आहे आणि चालू गुणदानात ते चूक ठरते, एवढे मात्र आताच म्हणता येते.

येथे एक आक्षेप संभवतो. हे तर पूर्वानुभवाचे भांडवल झाले. संहितेबाहेरचे ज्ञान आकलनात मोजायचे कसे? आक्षेप रास्त आहे. परंतु तो एकाच बाजूने घेतला जातो. समुद्राची गाज, लोकलची गर्दी, वाड्याचा सोपा ही वाचकाची सहजसंपत्ती मानली जाते आणि ‘बोडी’ला मात्र तळटीप लागते. बोडी म्हणजे धानाच्या पाण्यासाठी राखलेले लहान तळे, हे झाडीपट्टीतील लहान मुलालाही माहीत असते. संहितेबाहेरचे ज्ञान प्रत्येक वाचक आणतोच. प्रश्न असतो तो ते ज्ञान संहितेने कोठे मागितले आणि वाचकाने ते कोठे लादले, एवढाच. आणि ते तपासण्याचे साधन म्हणजेच संज्ञा.

आय्. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधील आपल्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांवरील लेखी अभिप्राय तपासून १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाचा उल्लेख मराठीत अर्थाचे चार प्रकार सांगण्यासाठी होतो: शब्दार्थ, भावना, श्रोत्याविषयीचा सूर आणि हेतू. त्याहून महत्त्वाची गोष्ट मात्र क्वचितच लक्षात घेतली जाते. वाचनातील अडचणींची जी यादी रिचर्ड्स यांनी दिली, तिच्या आरंभीच कवितेचा साधा सरळ अर्थ न लागणे ही अडचण आहे. उत्तम शाळांतून आलेल्या, इंग्रजी हीच ज्यांची घरची भाषा त्या विद्यार्थ्यांविषयीचे हे निरीक्षण होते. ठराविक साच्यातील प्रतिसाद, कवितेशी असंबद्ध आठवणी, भावविवशता हे दोषही त्यांच्यातच आढळले. तेव्हा साधा अर्थ निसटणे हे मागासलेपणाचे लक्षण नसून वाचनक्रियेतच दडलेला धोका आहे, असे म्हणावे लागते. कुरखेड्याच्या विद्यार्थ्याची अडचण वेगळ्या जातीची नाही. ती फक्त लपविण्याची सोय त्याला नाही.

साध्या अर्थाच्या वाचनाला किती अवधान लागते, याचे एक उदाहरण कुरखेड्यातच आहे. येथे आरोग्याच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम करणाऱ्या संस्थेचे नाव ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ असे आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत भेद आहे: ‘आपण’मध्ये श्रोता सामील होतो, ‘आम्ही’मध्ये तो वगळला जातो. अनेक द्राविडी भाषांतही हा भेद आहे, इंग्रजीत नाही. आता हे नाव वाचताना पहिला प्रश्न विचारावा लागतो तो निवेदकाचा. हे कोण बोलत आहे? बाहेरून आलेला डॉक्टर बोलत असता तर ‘आम्ही तुमच्या आरोग्यासाठी’ असे झाले असते. त्याने सर्वांना कवेत घेतले असते तर ‘आपण आपल्या आरोग्यासाठी’ झाले असते. ‘आम्ही आमच्या’ म्हणताना बोलणारे गावचे लोक आहेत, आणि डॉक्टर असो की शासन, श्रोत्याच्या जागी बसलेला प्रत्येक जण वगळला गेला आहे. नाव सुचविणारा कोणीही असो, नावातील निवेदक गाव आहे. कवी आणि कवितेतील ‘मी’ यांत भेद करावा, हे पदव्युत्तर वर्गात अनेक व्याख्याने देऊनही पटवावे लागते. ते येथे एका पाटीवरून दाखविता येते. या तीन शब्दांत अलंकार कोणता, असे विचारले तर उत्तर ‘अनुप्रास’ असे येईल. ते बरोबरही आहे. पण त्या उत्तरात नावाचा प्राणच नाही.

कुरखेड्याला लागून असलेल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाची घोषणा तर सर्वांना परिचित आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ पुनरुक्ती, विरोध, नाद, हे सारे पहिल्याच वाचनात दिसते. बारकाईने पाहता पूर्वार्धात ‘आमचे’ हा संबंध आहे आणि उत्तरार्धात ‘आम्हीच’ हे तादात्म्य. सरकार आमचे असणे वेगळे, सरकार आम्ही असणे वेगळे. उपमेय आणि उपमान यांत भेद नाही असे सांगितले की रूपक होते. त्या न्यायाने ‘आम्हीच सरकार’ हे रूपक होय, आणि १९८०च्या दशकात, घोषणा नवी असताना, बाहेरच्या श्रोत्याने ते तसेच ऐकले असणार. परंतु २००६च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. परवाना देते ते सरकार. परवाना ग्रामसभा देते. वाक्यातील एकही अक्षर बदलले नाही, पण जे रूपक होते ते वाच्यार्थाच्या जवळ आले. संज्ञा हा संहितेच्या अंगावर कायमचा मारलेला शिक्का नसतो, ती वाचनाच्या एका क्षणी केलेली नोंद असते, हे याहून स्पष्ट कसे व्हावे? आता ‘ओळखा पाहू अलंकार’ या प्रश्नाला कोणते साल धरून उत्तर द्यायचे?

संज्ञांच्या अनेकार्थतेचा गोंधळही विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. ‘रूपक’ हा अलंकार, धनंजयाच्या ‘दशरूपका’त रूपक म्हणजे नाट्यप्रकार, भारुडाचा विचार करताना रूपक म्हणजे संपूर्ण रचनेला व्यापणारी दुहेरी अर्थयोजना. ‘वक्रोक्ती’ हा एक शब्दालंकार आहे, कुंतकाच्या विचारात तोच काव्याचा प्राण ठरतो, आणि काही समीक्षक उपरोधासाठीही तोच शब्द वापरतात. सर्वांत मौजेची कथा ‘आकृतिबंधा’ची. समीक्षेत आकृतिबंध म्हणजे कलाकृतीच्या घटकांना एकत्र बांधणारे रूप. कादंबरीच्या आकृतिबंधावर प्रबंध लिहिले गेले. शालेय कृतिपत्रिकेत ‘आकृतिबंध पूर्ण करा’ म्हणजे चौकटी आणि बाण यांत उताऱ्यातील शब्द भरा. शासकीय कार्यालयात मात्र आकृतिबंध म्हणजे मंजूर पदांचा तक्ता! दहावीपर्यंत चौकटी भरलेला विद्यार्थी पदवीच्या वर्गात ‘या कथेचा आकृतिबंध स्पष्ट करा’ हा प्रश्न वाचून कागदावर चौकटी आखू लागला, तर त्याने शब्दाचे आकलन त्याला शिकविले तसेच केलेले असते. रसग्रहणाचीही हीच गत आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा कप्प्यांत ते मागितले जाते. भाषेवाचून आशय कोठून आला आणि आशयावाचून सौंदर्य कशाचे, हा साहित्यविचारातला मूलभूत प्रश्न त्या कप्प्यांनी आधीच मिटवून टाकलेला असतो.

या विद्यार्थ्यांजवळ साहित्यव्यवहाराची जाण नाही, असे मानणे तर वस्तुस्थितीला सोडून होईल. वडसा (देसाईगंज) हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र येथून जवळ आहे. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट यांच्या जोडीने रात्र-रात्र नाटके होतात. दंडार आणि खडी गंमत यांची परंपरा तर त्याहून जुनी. या रंगभूमीवरील कार्यासाठी २०२३ साली पद्मश्रीने गौरविलेले परशुराम खुणे हे याच तालुक्यातील गुरनोलीचे. या नाटकांना बसणारा प्रेक्षक पात्राला माहीत नसलेली गोष्ट स्वतःला माहीत असल्याचा आनंद घेतो, विनोदी पात्राच्या तोंडचा शब्द गावातल्या कोणावर रोखलेला आहे हे ओळखतो, गंभीर प्रवेशानंतर येणारे गाणे ताण मोडण्यासाठी आले की वाढविण्यासाठी, यावर घरी जाताना वाद घालतो. नाट्यगत उपरोध, ध्वन्यर्थ, लय या संकल्पना त्याच्या व्यवहारात आहेत; नावे नाहीत. ‘रात्रभर अख्खे गाव जागे होते’ असे तो म्हणतो तेव्हा घरे आणि विहिरी जाग्या नव्हत्या हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

परंतु येथे थांबून ‘लोकांना सारे उपजतच कळते, संज्ञा हव्यात कशाला?’ असे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची फसवणूक होय, आणि ती अधिक गोड असल्यामुळे अधिक घातक. नाटक पाहून परतणाऱ्याची जाण त्या रात्रीपुरती, त्या नाटकापुरती असते. तीच जाण बालकवींच्या कवितेला, जी. ए. कुलकर्णींच्या कथेला किंवा वृत्तपत्रातील अग्रलेखाला लावायची, तर तिला नाव लागते. नाव मिळाले की ती एका संहितेवरून दुसरीकडे नेता येते, आणि दुसऱ्याशी तिच्याविषयी वाद घालता येतो. बोलीचा गौरव करीत विद्यार्थ्याला परिभाषेपासून दूर ठेवणे म्हणजे त्याला वादातूनच दूर ठेवणे. कुरखेड्याच्या विद्यार्थ्याला सेट-नेटची परीक्षा द्यायची आहे, प्रबंध लिहायचा आहे, चर्चासत्रात प्रतिपक्षाला उत्तर द्यायचे आहे. त्याला ‘लक्षणा’ हा शब्द हवाच. तो चार पर्यायांतून निवडण्यापुरता हवा की वाचताना हत्यार म्हणून हवा, एवढाच प्रश्न आहे.

या जिल्ह्याविषयीच्या साहित्याकडे पाहिले तर ही निकड आणखी जाणवते. विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ (१९९२) या कादंबरीचे शीर्षकच वाचनाचा पाठ ठरावे. ‘जन्म’ या शब्दाच्या मुख्यार्थाला ‘नक्षलवाद्याचा’ या षष्ठीने बाध येतो: माणूस जन्मतो, नक्षलवादी घडतो. मग ‘जन्म’ म्हटले ते का? घडविणाऱ्या परिस्थितीला मातेचे स्थान देण्यासाठी, की ती प्रक्रिया अटळ होती असे सुचविण्यासाठी? आणि ‘एका’ म्हणजे विशिष्ट एक की अनेकांतला कोणीही एक? पहिला अर्थ घेतला तर व्यक्तिचित्रणाची संज्ञा लागू पडते, दुसरा घेतला तर प्रातिनिधिक पात्राची. त्याहून अवघड प्रश्न पाहणारा कोण आणि सांगणारा कोण, हा. झेरार झेनेत यांनी १९७२ मध्ये हे दोन प्रश्न वेगळे केले, तेव्हा त्यांच्यासमोर फ्रेंच कादंबरी होती. माडिया जीवनाविषयी प्रमाण मराठीत बिगर-माडिया लेखकाने लिहिलेल्या संहितेला ते अधिकच टोचतात. गडचिरोलीचा वाचक येथे केवळ वाचक राहत नाही. संहितेने ज्यांचे वर्णन केले त्यांचा तो शेजारी, कधी नातलग असतो. ‘निवेदक’ या संज्ञेचा प्रश्न त्याला नीट विचारता आला नाही, तर कादंबरी एक तर खरी माहिती म्हणून स्वीकारायची, नाही तर बाहेरच्याची म्हणून नाकारायची, एवढेच दोन मार्ग त्याच्यापुढे उरतात. साहित्याच्या वाचनाला तिसरा मार्ग असतो, आणि तो संज्ञेने उघडतो.

हे सारे करावयाचे तर प्रश्नपत्रिकेची भाषा बदलावी लागेल, आणि ती व्यवहारात फार मोठी गोष्ट नाही. ‘पुढील वाक्यातील अलंकार ओळखा’ याऐवजी ‘या वाक्यात सरळ अर्थ कोठे अडतो? अडल्यावर वाचक कोणत्या अर्थाकडे वळतो, आणि त्या दोन अर्थांचे नाते काय? त्या नात्याला परिभाषेत काय म्हणाल?’ असे विचारता येते. नाव शेवटी येते, आणि त्याला गुणही शेवटचे असावेत. अडचण येईल ती तपासणीत. ओळखण्याच्या प्रश्नाला एकच उत्तर असते आणि गठ्ठा लवकर संपतो. वाचनाच्या प्रश्नाला परीक्षकाने स्वतः वाचावे लागते, कारण उत्तरपत्रिका हीही एक संहिता आहे आणि तिचाही निवेदक कोणीतरी, कोठेतरी राहणारा असतो. मोहफुले कधी पडतात हे ठाऊक नसलेल्या परीक्षकापुढे ‘मोहाचा वास गावातून चालत गेला’ या वाक्यावरील उत्तर आले आणि त्यात अचानक ‘टोपली’ हा शब्द भेटला, तर त्यावर लाल रेघ ओढण्याआधी मुख्यार्थाला बाध कोठे आला होता, हे त्याला वाक्याकडे परत जाऊन पाहावे लागेल.